अनुदानाची मुदत आणि पावसाची लहर

अनुदान हा शब्द शिक्षकांना नवा नाही. शाळा अनुदानित की विनाअनुदानित, वेतनेतर अनुदान आले का, गेल्या वर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले का, ही चर्चा प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलीत चालते. पण शास्त्रज्ञालाही सरकारकडून अनुदान घ्यावे लागते, त्यालाही प्रस्ताव, छाननी, हप्ते आणि प्रमाणपत्रे यांतून जावे लागते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शास्त्राचा इतिहास शिकवताना आपण शोध सांगतो, शोधकाचे चरित्र सांगतो. त्या शोधाचा खर्च कोणी दिला, किती वर्षांसाठी दिला आणि मुदत संपल्यावर पुढे काय झाले, हे सांगायचे राहून जाते.

या लेखात आम्ही तोच भाग सांगणार आहोत. त्यासाठी उदाहरण निवडले आहे ते कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे. आमचा पाटोदा तालुका बालाघाटच्या पठारावर आहे. मांजरा नदी याच डोंगरांत उगम पावते. पण तिच्या उगमाजवळच्या गावांना तिच्या पाण्याचा उपयोग थोडाच. जमीन बहुतेक हलकी ते मध्यम, पाऊस बेभरवशाचा, आणि पाऊस हुकला की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणे हे ठरलेले. अशा मुलखाला ज्या संशोधनाची सर्वांत जास्त गरज, त्याला पैसा कसा मिळाला आणि कसा थांबला, हे पाहण्यासारखे आहे.

चंद्रसूर्य असेपर्यंतची देणगी

राजसत्तेने विद्येला पैसा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. त्या भागाचा निकुंभ घराण्यातील अधिपती सोइदेव याने ९ ऑगस्ट १२०७ रोजी चंद्रग्रहणाच्या पर्वावर या मठाला देणगी दिली. त्याच्या मागून त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव याने दिलेल्या देणगीचीही नोंद लेखात आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत असून बाजारातल्या मालावरील कराचा वाटा मठाला कसा मिळावा, हे त्यात सांगितले आहे.

त्या काळच्या दानपत्रांत देणगी चंद्रसूर्य असेपर्यंत चालावी असे म्हणण्याची पद्धत होती. म्हणजे नूतनीकरणाचा प्रश्नच नाही. पण दान कायमचे असले तरी राज्य कायमचे नसते. राज्य बदलले की देणगी नव्या राजाच्या मर्जीवर. शिवाय मठात काय शिकवले जाते, नवे काही घडते का, हे विचारणारी यंत्रणाही नव्हती. कायमच्या देणगीत स्थैर्य असते, हिशेब नसतो. आजच्या पद्धतीत हिशेब आहे. स्थैर्य किती आहे, हे पुढे पाहू.

मुदतीचे अनुदान कसे आले?

आजच्या पद्धतीचे एक मूळ इंग्लंडमध्ये सापडते. १८४९ मध्ये पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी शास्त्रीय कामासाठी दरवर्षी १००० पौंड देऊ केले. ते कोणाला द्यायचे हे मात्र मंत्र्याने ठरवायचे नव्हते. रॉयल सोसायटीतल्या शास्त्रज्ञांनी आलेले अर्ज पाहून ठरवायचे होते. पैसा सरकारचा आणि पारख त्या विषयातल्या जाणकारांची, ही विभागणी तेथून रूढ होत गेली.

भारतात शेती संशोधनासाठी अशी यंत्रणा उभी राहिली ती १९२९ मध्ये. त्याआधी १९२६ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक शाही आयोग नेमला गेला होता. १९१९ च्या सुधारणांनंतर शेती हा विषय प्रांतांकडे गेला होता. प्रांतांकडे पैसा कमी, आणि दुष्काळ किंवा तांबेरा काही प्रांताची हद्द पाहून येत नाही. म्हणून १९२८ च्या अहवालात आयोगाने एक मध्यवर्ती परिषद सुचवली. १६ जुलै १९२९ रोजी ती ‘इंपीरिअल कौन्सिल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्च’ या नावाने नोंदली गेली. हीच आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद. आयोगाने तिला ५० लाख रुपयांचा निधी सुचवला होता. सरकारने २५ लाख एकरकमी आणि त्याशिवाय वार्षिक रक्कम देण्याचे ठरवले.

परिषदेची कामाची रीत अशी : प्रांताच्या कृषी खात्याने किंवा विद्यापीठाने योजना तयार करून पाठवायची. परिषदेच्या तज्ज्ञ समित्या व सल्लागार मंडळ यांनी ती शास्त्रीय दृष्टीने तपासायची. नियामक मंडळाने पैसा मंजूर करायचा, तोही ठरावीक वर्षांसाठी. दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यायचा. मुदत संपत आली की काम पुढे चालवायचे की नाही याचा पुन्हा विचार व्हायचा. तपशील पुष्कळ बदलले, तरी हा सांगाडा आजही ओळखू येतो.

ज्वारीला उपकर नव्हता

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सगळ्या पिकांना या परिषदेच्या दारी जावे लागत नव्हते. कापसासाठी १९२१ मध्येच मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली होती, आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठींवर उपकर बसवून तिला स्वतःचा पैसा मिळाला होता. मुंबईत माटुंगा येथे तिने १९२४ मध्ये कापसाची तंत्रशाळा काढली. पुढे लाख, ताग, ऊस, नारळ, तंबाखू यांच्याही अशाच समित्या झाल्या. माल गिरणीत किंवा बंदरावर जाई, तेथे त्यावर कर बसवता येई, आणि त्या करातून त्या पिकाचे संशोधन होई.

ज्वारी-बाजरी मात्र शेतातून घरात आणि घरातून भाकरीत जाते. तिच्यावर उपकर बसवायचा कोठे? त्यामुळे लाखो कुटुंबे जिच्यावर जगतात त्या कोरडवाहू धान्यासाठी स्वतःचा असा निधी नव्हता. संशोधनाचा पैसा कोठे जातो हे शास्त्रज्ञांच्या आवडीवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच पैसा गोळा कसा होतो यावरही असते.

दहा वर्षांचे काम

मुंबई प्रांतात कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय प्रयोगांची सुरुवात व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे केली होती. १९३३ मध्ये परिषदेने या कामासाठी अनुदान दिले आणि सोलापूर व विजापूर येथे केंद्रे सुरू झाली. पाठोपाठ मद्रास प्रांतात हगरी, हैदराबाद संस्थानात रायचूर आणि पंजाबात रोहतक येथे ती निघाली. देशाच्या पाच कोपऱ्यांत एकाच प्रश्नावर काम चालण्याचा हा मोठा प्रयोग होता. पाटोदा तेव्हा निझामाच्या राज्यात. सोलापूर जवळ असले तरी हद्दीपलीकडचे.

सोलापूरच्या कामाशी एन. व्ही. कानिटकर यांचे नाव जोडलेले आहे. प्रश्न असा की, पडलेल्या पावसापैकी पिकाच्या मुळाशी किती पोचतो, आणि उरलेला जातो कोठे? काही उतारावरून वाहून जातो, जाताना माती नेतो. काही जमिनीतून उडून जातो. काही तण पिऊन टाकते. प्रत्येक गळतीचे माप घेऊन ती बुजवण्याचा उपाय शोधण्यात आला. त्यातून पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली रीत तयार झाली : उताराला आडवे समतल बांध, दर तीन वर्षांनी एकदा खोल नांगरट, शेणखत, पेरणीत दोन ओळींतले अंतर जास्त आणि बियाणे कमी, आणि उभ्या पिकात वेळोवेळी कोळपणी. कोळपणीने तण तर निघतेच. शिवाय काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा बुजून ओल टिकते. शेतकऱ्याला यातले काही ठाऊक होते. ते किती उपयोगी, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या पावसात, हे मोजून सांगणे नवे होते.

या पद्धतीने उत्पन्न साधारण १५ ते २० टक्के वाढले. पण मूळ उत्पन्नच हेक्टरी दोन-चारशे किलो. त्यावर १५ टक्के म्हणजे तीस ते साठ किलो. बैलजोडी, मजुरी आणि बांधाचा खर्च धरता शेतकऱ्याला ही वाढ फारशी वाटली नाही.

साधारण १९४३ पर्यंत योजनेची मुदत संपली. कानिटकरांनी सगळे निष्कर्ष ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ या ग्रंथात मांडले. परिषदेने तो १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर देशभर एका आराखड्याने कोरडवाहू शेतीचे संशोधन पुन्हा सुरू झाले ते १९७० मध्ये, अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पाच्या रूपाने. मध्ये सत्तावीस वर्षे गेली.

काम थांबले तेव्हा काय चालू होते?

या सत्तावीस वर्षांत कोरडवाहू शेतीसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. १९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि समतल बांधबंदिस्तीचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. १९५४ पासून देशात मृदसंधारणाची संशोधन केंद्रे निघाली. म्हणजे बांधाचे काम वाढत होते. पण पीक, पेरणी, जमीन आणि पाऊस यांचा एकत्र विचार करणारा देशव्यापी अभ्यास थांबला होता.

त्याचा परिणाम पुढे दिसला. खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. जोराच्या पावसानंतर तेथे समतल बांधाच्या आतल्या बाजूला पाणी साचून राहते, पीक पिवळे पडते, कधी बांध फुटून घळ पडते. हलक्या व मध्यम जमिनीत उपयोगी पडणारा उपाय खोल काळ्या जमिनीत जसाच्या तसा चालत नाही. अशा जमिनीत पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात. उपाय शेतात उतरल्यावर नवे प्रश्न उभे राहतात, आणि संशोधनाची खरी गरज तेव्हाच असते. आपल्याकडे उपायाचा प्रसार सुरू झाला आणि त्याच सुमारास संशोधनाचे अनुदान संपले.

१९७२ चा दुष्काळ पाटोद्यातील जुन्या माणसांना आजही आठवतो. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमी योजनेत गावोगाव बांध, नालाबंडिंग, पाझर तलाव झाले. ते करणाऱ्या हातांपाशी कष्ट होते. कोणत्या उतारावर, कोणत्या मातीत, कोणता बांध, याचे स्थानिक मोजमाप मात्र फार थोडे होते.

पाच वर्षे पुरतात का?

आता थोडे गणित करू. समजा, एखाद्या भागात सरासरीने चार वर्षांतून एक वर्ष दुष्काळाचे येते, आणि एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षावर अवलंबून नाही. (प्रत्यक्षात असे अगदी काटेकोर नसते, पण अंदाजासाठी चालेल.) दुष्काळ न येण्याची शक्यता दरवर्षी ३/४. मग सलग पाच वर्षे एकही दुष्काळ न येण्याची शक्यता ३/४ चा पाचवा घात, म्हणजे २४३/१०२४, सुमारे २४ टक्के. पाच वर्षांत नेमका एकच दुष्काळ येण्याची शक्यता ४०५/१०२४, सुमारे ४० टक्के. दोन्ही मिळून ६३ टक्के.

याचा अर्थ काय? दुष्काळात तगणारी शेतीपद्धत शोधायला पाच वर्षांचे अनुदान दिले, तर पाचांपैकी तीन वेळा तरी शास्त्रज्ञाच्या वाट्याला फार तर एकच दुष्काळी वर्ष येईल. एका वर्षावरून काय ठरवणार? चारांपैकी जवळजवळ एकदा तर दुष्काळ दिसणारच नाही, आणि अहवालात चांगल्या पावसाचे निष्कर्ष दुष्काळावरचा उपाय म्हणून नोंदले जातील. मुदत दहा वर्षांची केली की एकही दुष्काळ न दिसण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या खाली येते. सोलापूरला दहा वर्षे मिळाली, ही त्या मानाने चांगली गोष्ट होती.

इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ मध्ये गव्हावर खतांचा प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. त्याचा खर्च प्रथम जॉन लॉझ यांनी आपल्या खताच्या कारखान्याच्या नफ्यातून केला आणि १८८९ मध्ये एक लाख पौंडांचा न्यास करून ठेवला. १९१९ मध्ये तेथे साठलेल्या आकड्यांतून काही निघते का हे पाहण्यासाठी रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला तात्पुरते नेमले. तात्पुरती नेमणूक वाढत गेली आणि त्यातून प्रयोगांच्या मांडणीचे आधुनिक संख्याशास्त्र उभे राहिले. वेळीच मिळालेली मुदतवाढ काय करू शकते याचे हे उदाहरण आहे.

फिशर यांचे शास्त्र आपल्या शेतात आणणाऱ्यांत दोन मराठी नावे पुढे आहेत : पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे. सुखात्मे १९४० मध्ये कृषी अनुसंधान परिषदेत आले. दोघांनी पीककापणी प्रयोगांची नमुना पद्धत घडवली. पैसेवारी आणि पीकविमा यांसाठी आजही शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून कापणी होते, तिचे मूळ या कामात आहे. सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनाचे फळ पाटोद्याच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचले, ते असे.

नूतनीकरणाची कसोटी

मग मुदतच नको का? तसे नाही. मुदत नसेल तर एकदा मिळालेला पैसा तेथेच अडकतो आणि नव्या माणसाच्या नव्या प्रश्नाला काही उरत नाही. पाटणच्या मठाला जो हिशेब कोणी विचारला नाही, तो आज विचारलाच पाहिजे; कारण पैसा तुमच्या-आमच्या करातून येतो.

आज व्यक्तिगत संशोधकाला मिळणारे अनुदान सहसा तीन वर्षांचे असते. शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतो; त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचून अभिप्राय देतात; समिती निवड करते; पैसा हप्त्याहप्त्याने येतो; उपयोगिता प्रमाणपत्र पोचल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. केंद्र सरकारचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ हे काम पाही. २०२३ च्या कायद्याने त्याची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. हप्ता लांबला की पहिला फटका बसतो तो प्रकल्पावर नेमलेल्या तरुण सहायकाला. शिक्षणसेवकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

कृषी परिषदेच्या समन्वित प्रकल्पांची तऱ्हा वेगळी. कृषी विद्यापीठांतील केंद्रांचा ७५ टक्के खर्च परिषदेने आणि २५ टक्के राज्याने करायचा, आणि दर पाच वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने आढावा घ्यायचा, असा शिरस्ता आहे. आढाव्यात काम सुधारता येते, केंद्र हलवता येते. पण प्रश्न सोडून दिला जात नाही. १९७० मध्ये सुरू झालेला कोरडवाहू प्रकल्प या रीतीने आजवर चालला आहे. सोलापूर, अकोला आणि परभणी ही त्याची महाराष्ट्रातील केंद्रे. बाजरी आणि तूर यांचे आंतरपीक, पाऊस लांबला तर कोणते पीक घ्यावे याचे आपत्कालीन नियोजन, या शिफारशी त्यातूनच आल्या. १९७० मध्येच परिषदेने खतांचे दीर्घकालीन प्रयोगही सुरू केले. १९४३ नंतरच्या खंडातून काही शिकले गेले, असे म्हणता येईल.

आमच्या मते नूतनीकरणाच्या वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. माणसाने काम नीट केले का, हा एक. प्रश्न अजून शिल्लक आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर माणूस बदलावा. दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर काम चालू ठेवावे, मग आकडा १५ टक्क्यांचा का असेना. दुष्काळी मुलखात चांगल्या वर्षी वाढलेल्या १५ टक्क्यांपेक्षा वाईट वर्षी पदरात पडलेले दोन पोती धान्य मोलाचे असते, आणि ते सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

वर्गात करण्यासारखे

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन नाणी एकदम उडवावीत. दोन्ही छापा पडले तर ते वर्ष दुष्काळाचे, एरवी बरे. अशी पाच वर्षे नोंदवावीत. हे त्याचे पाच वर्षांचे अनुदान. मग विचारावे : किती जणांना एकही दुष्काळ मिळाला नाही? किती जणांना एकच? फळ्यावर तक्ता करून आपल्या गणिताशी ताडून पाहावा. नंतर आणखी पाच वर्षांची मुदतवाढ द्यावी आणि तक्ता पुन्हा भरावा.

याच्या जोडीला शाळेत पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी. त्याला अनुदान लागत नाही. लागते ती एक वही, आणि दहावीची मुले शाळा सोडताना ती वही नववीच्या हाती देण्याची शिस्त. वीस-पंचवीस वर्षे ती वही चालली, तर तुमच्या गावच्या पावसाबद्दल ती जे सांगेल ते कोणत्याही तीन वर्षांच्या प्रकल्पाला सांगता येणार नाही.